शेपटीवाली पेशी

सोमवार, ४ मार्च

मायक्रोस्कोप घरी आला. आमच्या अळंबी मंडळातल्या कुबेल्काच्या मेव्हण्याच्या माळ्यावर पडून होता. जुना आहे, पण मीही काही कालचा नाही.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मलाच विसर पडायला नको. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर सोमवारी चार ते सहा अळंबी तपासायचं टेबल असतं. लोक जंगलातून टोपल्या भरून आणतात, आणि हे खा, ते फेका, असं सांगायला मी बसतो. एकतीस वर्षं बसतोय. गेल्या शरदात हाव्लासोवाबाईंच्या टोपलीत एक वाईट अळंबी माझ्या नजरेतून सुटली. देठ खरवडला की पिवळी पडते, ती. शिमानोवाबाई नेमक्या तेव्हाच विसरलेली छत्री न्यायला आल्या आणि त्यांनी ती दोन बोटांत धरून बाहेर काढली. कोणी खाल्ली नाही, कोणाचं पोट दुखलं नाही. उजेड कमी होता.

तरी शनिवारी मंडळाच्या सभेत ठराव झाला. शिमानोवाबाई अध्यक्ष आहेत, शाळेत जीवशास्त्र शिकवतात, त्यांच्यापुढे कोण बोलणार. टेबलावर बसणाऱ्याला यापुढे मायक्रोस्कोपखाली अळंबी ओळखता आली पाहिजे. पाच ऑक्टोबरच्या प्रदर्शनात परीक्षा. सहा अळंब्या. तोवर टेबलावर त्या स्वतः बसणार.

कुबेल्का म्हणाला, ओताकार, एकाहत्तरीला आलास, सोड की आता. याला कायम दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं.

संकल्प: रोज एक तास.

गुरुवार, ७ मार्च

पुस्तक वाचलं. विषय सोपा आहे. अळंबीच्या छत्रीखाली पट्ट्या असतात. पट्टीच्या धारेवर पेशींची रांग असते. त्या रांगेत काही पेशी बाकीच्यांपेक्षा उंच, मान वर काढून उभ्या. त्यांना सिस्टिडिया म्हणतात. लग्नाच्या फोटोत मागच्या रांगेत एखादा उंच मामा असतो ना, तसं. मामा बघून घराणं ओळखायचं. कोणाला शिंगं, कोणाचं पोट बाटलीसारखं, कोणाच्या डोक्यावर खडे.

छत्तीस वर्षं मी या गावात टपाल वाटलंय. चेहरा बघून आडनाव सांगणं हा माझा धंदाच होता. मेपर्यंत सगळं हातात येईल.

शनिवार, १६ मार्च

पहिला तास झाला. (मधले दिवस गुडघा.)

पट्टीचा पातळ काप घ्यायचा असतो ब्लेडने. माझे काप पावाच्या तुकड्यांसारखे निघतात. ब्लेड बोथट असणार.

रविवार, १७ मार्च

माझी बायको क्वेता दुपारच्या रश्शासाठी शेवया कापत होती. पोळी लाटून, गुंडाळून, सुरीने खसाखसा, केसासारख्या. माझी आई जन्मात कोणाचं कौतुक न करणारी बाई, पण क्वेताच्या शेवयांतून पेपर वाचता येईल, असं म्हणायची.

तिच्या हातात ब्लेड दिलं. तिने एप्रनला हात पुसले, अळंबीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तीन काप काढले. काचेवर ठेवल्यावर दिसेनासेच झाले, इतके पातळ. म्हणाली, झालं ना, रस्सा उतू जातोय.

तिला कापायच्या कामावर नेमलं आहे. फक्त कापायच्या.

मंगळवार, २ एप्रिल

पेशींना रंग द्यावा लागतो, नाहीतर पाण्यात पाणी बघितल्यासारखं होतं. लाल रंगाची बाटली सांडली. टेबलक्लॉथ, पडद्याचं टोक, मांजर. क्वेता म्हणाली, आता मांजर कुठल्या जातीचं ते ओळखून दाखव.

दिसत काहीच नाही अजून. सगळं धुक्यात. बल्ब बदलला. लेन्स पुसली. कुबेल्काच्या मेव्हण्याने यंत्र नीट ठेवलेलं नाही, हे उघड आहे.

सोमवार, २२ एप्रिल

ईस्टर सोमवार, वाचनालय बंद. तरी चार वाजता पाय त्या बाजूला वळले. दाराला कुलूप. बाहेरच्या बाकावर थोडा वेळ बसलो.

पोस्टातून सुटल्यापासून मंगळवार ते रविवार माझी वाट कोणी बघत नाही. सोमवारी बघतात. बघायचे.

उद्यापासून दोन तास.

शनिवार, ११ मे

आज काय झालं ते क्रमाने लिहितो.

सॉ मिलमागच्या भुशाच्या ढिगावर अळंब्या आल्या आहेत. तपकिरी छत्री, खाली गुलाबी पट्ट्या, वास मुळ्याचा. आमच्याकडे सगळे तिला हरीणअळंबी म्हणून सोडून देतात. मीही एकतीस वर्षं सोडून दिलं. क्वेताने काप काढला, मी डावा डोळा लावला (उजवा मी मिटतो, पोस्टाच्या वजनकाट्यापासूनची सवय), आणि ती दिसली. एक लांब पेशी. चाबकासारखी शेपटी आणि शेपटीच्या टोकाला गाठ.

पुस्तक तीनदा चाळलं. अशी पेशी कुठल्याच पानावर नाही.

बाकी सगळं धुक्यात होतं, पण ती ठळक होती.

रविवार, १२ मे

ती जिवंत आहे. मी उजवीकडे नजर नेली की उजवीकडे पळते. थांबलो की हळूहळू खाली बसते. लाजाळू आहे.

ब्र्नो शहरातल्या एका अळंबीतज्ज्ञांना पत्र लिहिलं, सोबत चित्र. नव्या जातीला काय नाव द्यावं ते सुचवलं नाही, पण सही मोठी केली. परीक्षा आता निव्वळ उपचार. ज्याच्या नावाची अळंबी आहे त्याला टेबलावरून कोण उठवणार.

सोमवार, ३ जून

ब्र्नोहून उत्तर. सभ्य माणूस. लिहितात, चित्र रोचक आहे. आपल्याशिवाय आणखी कोणी ही पेशी पाहिली आहे का?

क्वेताला बसवलं. तिने चष्मा काढून ठेवला, डोळा लावला आणि हळूहळू चाक फिरवत राहिली. मग म्हणाली, अगं बाई, शिंगं आहेत. एकेकाला दोन-दोन, तीन-तीन, खरंच हरणासारखी. शेपटी? शेपटी नाही कुठे.

तिला सांगितलं, शेपटी दिसायला सराव लागतो. ती म्हणाली, असेल, आणि परत डोळा लावून बसली. बटाटे करपले.

तज्ज्ञांना लिहिलं: सहकाऱ्यांचं निरीक्षण चालू आहे.

गुरुवार, २० जून

क्वेताचा नामदिवस, कॅलेंडरात तिच्या नावाची तारीख. दर वर्षी विसरतो, या वर्षी लक्षात ठेवला. ब्लेडचं नवीन पाकीट दिलं, उत्तम स्वीडिश. तिने पाकिटाकडे बघितलं आणि म्हणाली, बेचाळीस वर्षांत फुलं कंटाळवाणी झाली होती म्हणा.

संध्याकाळी तिने त्यातलंच एक वापरून झुडपातल्या चार अळंब्या कापल्या. माझी झोप लागली होती.

मंगळवार, ९ जुलै

मोठी गोष्ट. दुकानातल्या पांढऱ्या बटण अळंबीतही शेपटीवाली पेशी सापडली. म्हणजे ही एका जातीची खूण नाही, सगळ्या अळंब्यांत असते आणि आजवर कोणालाच दिसली नाही.

दुपारी खात्रीसाठी कांद्याची साल बघितली. कांद्यातही आहे.

आता नीट विचार करायला हवा. कांदा आणि अळंबी यांचं पूर्वीचं काही नातं असावं. एका फोडणीत जातात ते उगाच नाही.

मंगळवार, २३ जुलै

दुपारी आडवा झालो होतो. छताला नुकता पांढरा रंग दिलाय. त्यावर शेपटीवाली.

दोन शक्यता. एक, दिवसभर बघितल्याने डोळ्यात ठसा उमटतो, जसा पोस्टाचा शिक्का दिवसभर मारल्यावर मला स्वप्नात दिसायचा. दोन, अळंबीचं बी घरभर उडालं आहे. क्वेताला छत पुसायला सांगितलं. ती म्हणाली, छत स्वच्छ आहे, तू डोळे दाखव कोणाला तरी. नंतर शिडी आणून पुसलंही. बिचारी.

सोमवार, ५ ऑगस्ट

टेबलाला गेलो, पाहुणा म्हणून. शिमानोवाबाईंनी चांगलं वागवलं, खुर्ची दिली. तेच जास्त लागलं. एका बाईची टोपली त्या तपासत होत्या, मी लांबून नावं पुटपुटत होतो. सगळी बरोबर आली. कोणी ऐकलं नाही.

घरी आल्यावर सराव नाही. थकवा.

मंगळवार, २७ ऑगस्ट

माझा नामदिवस. कुबेल्का प्लमची दारू घेऊन आला, निम्मी स्वतः प्यायला. त्याला शेपटीवाली दाखवली. तो म्हणाला, मला फक्त शिंगं दिसतात, बायकोने पाठवलंय का तुझ्याकडे. (बायको फसवते त्या नवऱ्याला शिंगं फुटतात, असं आमच्याकडे म्हणतात.)

क्वेताने पाकीट दिलं. आत डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी, तारीख पंधरा ऑक्टोबर. त्याआधीची मिळाली नाही म्हणे. मी म्हटलं, नामदिवसाला असं देतात का कोणी. ती म्हणाली, ब्लेडं देतात तर हेही देतात.

ठीक आहे. परीक्षेनंतर आहे, जाईन. डॉक्टरलाही समजू दे डोळा किती तयार झालाय.

रविवार, १५ सप्टेंबर

क्वेता चर्चला गेली होती. रश्शासाठी जायफळ किती घालतात ते बघायला तिची पाककृतींची वही उघडली. डम्पलिंगच्या पानामागे चित्रं. सगळी वही भरली आहे. मी दुपारी झोपतो तेव्हा ही बसते तर.

नावं तिने आपल्या मनाने दिली आहेत. एका पेशीखाली लिहिलंय, व्हिनेगरची बाटली. एकीखाली, लोणच्याची काकडी, वर जाडं मीठ. एक, लाटणं. एक, बाळाची बाटली, बुचासकट. आणि हरीणअळंबीची दोन पानं, नुसती शिंगं, एकेक वेगळं काढलेलं, जसं एकेका नातवंडाचं नाक वेगळं.

शेपटी कुठेच नाही.

पुस्तकाशी ताडून बघितलं. जुळतं. शिकवणारा चांगला असला की असं होतं.

वही होती तिथे ठेवली. जायफळ बघायचं राहिलंच.

शनिवार, २८ सप्टेंबर

सुट्टीचा दिवस. लोक जंगलात, मी उजळणीला. तास: अर्धा. डोळ्यातून पाणी येतं.

योजना अशी. शेपटी सगळीकडेच असते, तेव्हा परीक्षेत शेपटीकडे दुर्लक्ष करायचं आणि तिच्या मागे धुक्यात जे असेल ते बघायचं. नियमाप्रमाणे काप काढायला माणूस सोबत नेता येतो. क्वेताला सांगितलं, निळा कोट घाल. ती म्हणाली, ओताकार, नाही जमलं तर काय होईल? म्हटलं, जमेल. ती म्हणाली, ते नाही विचारलं.

मी कोट कपाटातून काढून खुंटीला लावला.

शनिवार, ५ ऑक्टोबर, संध्याकाळ

संस्कृती भवनाचा हॉल. लांबच लांब टेबलं, शेवाळावर अळंब्या मांडलेल्या, प्रत्येकीपुढे चिठ्ठी. हॉलच्या शाळेसारख्या वासात जंगलाचा वास. कोपऱ्यात परीक्षेचं टेबल. शिमानोवाबाई, कुबेल्का आणि शेजारच्या गावच्या मंडळाचा एक दाढीवाला. बघायला बारा-पंधरा माणसं. हाव्लासोवाबाईही.

एक नंबर. क्वेताने काप काढला. डोळा लावला. शेपटी. मागे धुकं. लिहिलं: हरीणअळंबीच्या जवळची, बहुधा नवी जात.

दोन नंबर. शेपटी. लिहिलं: वरीलप्रमाणे.

तिसऱ्याला डोळ्यातून इतकं पाणी यायला लागलं की शेपटीही दिसेना. मागे कोणीतरी खोकलं. मी हळूच क्वेताला म्हटलं, जरा बघ गं, माझी नजर ठरेपर्यंत. फक्त खात्री करायला.

ती वाकली. हळू आवाजात म्हणाली, या मीठ लावलेल्या काकड्या आहेत. म्हणजे ती धागेवाल्या टोपीची अळंबी. विषारी ना ती? रश्शात मीठ कमी पडलंय, हे सांगताना तिचा जो आवाज असतो, तोच.

शिमानोवाबाई क्वेताला म्हणाल्या, श्मेरलोवाबाई, चौथीही बघता का?

तिने माझ्याकडे बघितलं. मी काय करणार, खुर्ची सरकवली. चौथी बघितली, पाचवी, सहावी. मग मागे येऊन पहिल्या दोन. पहिलीला म्हणाली, ही बाटलीवाली, हिला शिंगं नाहीत. सहाच्या सहा बरोबर. दाढीवाल्याने पाककृतींची वही मागून घेतली (पर्समध्ये आणली होती हिने) आणि उभ्याउभ्या सगळी वाचली. डम्पलिंगसुद्धा.

समितीने दहा मिनिटं घेतली. कुबेल्का बुटांकडे बघत होता. सोमवारच्या टेबलावर: क्वेता श्मेरलोवा.

ती म्हणाली, तो नसेल तर मी बसणार नाही. वास कुठला कुठे येतो ते मला काय कळतंय. सगळ्यांसमोर म्हणाली. शिमानोवाबाईंनी खाली लिहिलं: मदतनीस, ओ. श्मेरल. म्हणजे मी.

म्हणजे माझ्याशिवाय टेबल चालत नाही, हे कागदावर आलं. निकाल एकंदरीत अनुकूल आहे.

रविवार, ६ ऑक्टोबर

काही नाही. रस्सा, शेवया. जेवणानंतर तिने माझ्या ताटाशेजारी चष्म्याचं फडकं धुऊन ठेवलं होतं.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचे. डाव्या डोळ्यात दिवा मारला आणि म्हणाले, इथे एक तंतू तरंगतोय, टोकाला गाठ आहे, दिसतो का तुम्हाला? चाबकासारखा?

म्हटलं, दिसतो.

म्हणाले, निरुपद्रवी आहे, वयाने होतं, जाणार नाही, सवय करून घ्या. धुकं आहे ते दोन्ही डोळ्यांतल्या मोतीबिंदूचं, ते काढता येईल, वसंतात. किती दिवसांपासून आहे, असं विचारलं तर म्हणाले, दीड-दोन वर्षं तरी.

परतताना बसमध्ये हिशेब लावला. म्हणजे हाव्लासोवाबाईंच्या टोपलीतली चूक माझी नव्हती, डोळ्याची होती. क्वेताला सांगितलं. ती म्हणाली, आणि डोळा कोणाचा?

मग खूप वेळाने तिने माझा हात तिच्या निळ्या कोटाच्या खिशात घेतला, बसला हीटर नव्हता म्हणून.

ब्र्नोला पत्र टाकलं. पेशी आणखी कोणी पाहिली का, याचं उत्तर: होय, एका डॉक्टरांनी.

सोमवार, २१ ऑक्टोबर

टेबल. ती खुर्चीवर, मी बाजूच्या स्टुलावर, चिठ्ठ्या लिहायला. रांग दारापर्यंत. मला बघून लोक मान हलवतात आणि टोपली तिच्यापुढे ठेवतात.

पाच वाजता क्वेता कॉफी आणायला गेली. तेवढ्यात हाव्लासोवाबाई आल्या. टोपलीत तपकिरी छत्र्या. मी एक उचलली. रंग धुक्यातच होता, पण बोटांना पट्टी मऊ लागली आणि वास मुळ्याचा आला. सांगितलं, हरीणअळंबी. खायला चालेल, चव यथातथा. भुशाच्या ढिगावरची ना?

हो म्हणाल्या, तिथलीच. छान हसल्या. मग टोपलीवर फडकं ओढलं आणि म्हणाल्या, तरी बाई येईपर्यंत थांबते हं, मला घाई नाही.

थांबल्या. क्वेता आली, काप काढला, डोळा लावला. सात मिनिटं. म्हणाली, हरीणअळंबी. खायला चालेल, चव यथातथा. ओताकार, वास बघतोस?

बघितला. मुळ्याचाच होता.

हाव्लासोवाबाई आभार मानून गेल्या. मी चिठ्ठी केली. जात, ठिकाण, तारीख. 'कोणी ओळखली' या रकान्यात तिचं नाव लिहिलं, पूर्ण.

अक्षर माझं आहे.